सीडी४ वाढला, मग दुखणं का उलटलं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंच्या थोरल्या भावाला एचआयव्ही आणि मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग, म्हणजे क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, एकाच वेळी निघाला. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा, होता १८. दोन आठवडे बुरशीविरोधी अँफोटेरिसिनची सलाईन चालली, मग फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या. एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, डॉक्टरांनी पाचव्या आठवड्यात सुरू केली आणि तो उशीर घरच्यांना अजून खटकतो. औषधं सुरू झाल्यावर सीडी४ ९६ वर गेला, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खाली आला, माणूस हिंडूफिरू लागला. मग एआरटीच्या सातव्या आठवड्यात डोकेदुखी, उलट्या आणि एकाचं दोन दिसणं परत सुरू झालं. पाठीच्या पाण्यात, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, पहिल्या वेळी २ पेशी होत्या, आता ८५ आहेत. प्रतिकारशक्ती वाढत असताना आजार कसा वाढतो, औषध फसलं का, एआरटी थांबवावी का, असं त्या विचारतात, शिवाय फ्लुकोनाझोल किती दिवस घ्यायचं हेही. त्या स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहेत, म्हणून पेशींच्या पातळीवरचं उत्तर त्यांना हवं आहे.

ताई, तुम्ही कळवलेल्या आकड्यांपैकी मला सर्वांत बोलका वाटला तो पहिल्या रिपोर्टमधला २. एका घन मिलिमीटरला दोनच पांढऱ्या पेशी. तो रिपोर्ट पाहून सगळ्यांना हायसं वाटलं होतं असं तुम्ही लिहिलंत, आणि ते स्वाभाविक आहे. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये पेशी हजारांत जातात, क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये बहुधा शेकड्यांत असतात, तेव्हा दोन म्हणजे सौम्य असंच कुणालाही वाटेल. एड्सच्या रुग्णाच्या क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसमध्ये हा हिशेब उलटा लागतो. त्याच पाण्यात त्या वेळी बुरशी मिलिलिटरला लाखांच्या घरात असू शकते. समोर एवढी बुरशी आणि पेशी दोन, याचा अर्थ शरीराने तिची दखलच घेतलेली नाही. पुढे एआरटी सुरू झाली की ती दखल एकदम घेतली जाते. तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा तेच घडलं असावं. ‘बहुधा’ मुद्दाम म्हणतो, कारण कल्चरचा, म्हणजे पाण्यातून जिवंत बुरशी उगवते का हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट तुमच्या पत्रात नाही आणि त्यावाचून मीच काय, कुणीही ठाम बोलू नये.

आधी ही बुरशी पेशींना कशी चुकवते ते बघू, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही यीस्टच्या जातीची बुरशी. कबुतरांच्या विष्ठेत, मातीत, जुन्या झाडांच्या ढोलीत ती राहते आणि श्वासावाटे आत जाते. (आमच्याकडे गॅलरीत कबुतरं येतात, त्यामुळेच झालं का, असं जवळपास प्रत्येक नातेवाईक विचारतो. एकेका रुग्णाच्या बाबतीत ते सांगता येत नाही. शिवाय संसर्ग बहुधा जुना असतो, दडून बसलेला. त्यावरून घरात कुणी कुणाला दोष देऊ नये.) धडधाकट माणसाच्या फुप्फुसात मॅक्रोफेज पेशी ही यीस्ट गिळतात. पण गिळलं म्हणजे मारलं असं होत नाही. ही बुरशी मॅक्रोफेजच्या पोटात राहू शकते, वाढू शकते, आणि त्याच पेशीत बसून रक्तातून मेंदूपर्यंत प्रवासही करू शकते. मॅक्रोफेजला मारण्याची ताकद येते ती सीडी४ पेशींच्या इशाऱ्याने. टीएच१ प्रकारच्या सीडी४ पेशी इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात, त्याने मॅक्रोफेज चेततो आणि आतली बुरशी मारतो, निदान ग्रॅन्युलोमात, म्हणजे पेशींच्या घट्ट गाठीत, कोंडून तरी ठेवतो. इशारा इंटरल्यूकिन ४ चा मिळाला तर तोच मॅक्रोफेज वेगळ्या वळणावर जातो आणि बुरशीला आत नांदू देतो. सीडी४ किती आहेत याच्या जोडीने त्या काय बोलतात हेही इथे महत्त्वाचं ठरतं. दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवर झालेल्या कामात दिसलं, की ज्यांच्या क्रिप्टोकॉकस ओळखणाऱ्या सीडी४ पेशी प्रामुख्याने इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे दाहाचं दुसरं रसायन बनवत होत्या, ते अधिक संख्येने वाचले.

या यीस्टभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड कवच असतं. पाण्याच्या थेंबात इंडिया इंक मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक यीस्टभोवती भिजलेल्या साबुदाण्यासारखं स्वच्छ वलय दिसतं, ते हेच. त्यातलं मुख्य द्रव्य ग्लुक्युरोनोझायलोमॅनन. ते कवचापुरतं राहत नाही. सुटून पाण्यात आणि रक्तात मिसळतं, आणि तिथे पोचल्यावर पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचा एल-सिलेक्टिन नावाचा रेणू गळायला लावतं. हा रेणू नसेल तर पेशीला रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला टेकताच येत नाही, मग ऊतीत उतरणं दूरच. म्हणजे तुमच्या भावाच्या पाण्यात पेशी दोनच होत्या याला दुहेरी कारण होतं. बोलावणाऱ्या सीडी४ पेशी उरल्या नव्हत्या, आणि ज्या काही इतर पेशी होत्या त्यांना बुरशीच्या साखरेने रस्त्यातच अडवलं होतं. डोक्यातला दाब वाढतो तोही मुख्यतः या साखरेमुळे आणि यीस्टमुळे. पाणी शोषून घेणाऱ्या बारीक वाटा त्यांनी तुंबतात.

त्या दोन-चार पेशी तरी कुठल्या असतात? युगांडाची राजधानी कंपाला इथे डेव्हिड मेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीच्या पाण्यातल्या पेशी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेका पेशीचा प्रकार ओळखणाऱ्या यंत्राने, मोजल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. निदानाच्या दिवशी पाण्यात भर होता तो चेतलेल्या सीडी८ पेशींचा, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशींचा. सीडी४ पेशींचं प्रमाण होतं जेमतेम २.२ टक्के. आयरिस झालेल्या रुग्णांत हेच प्रमाण २३ टक्के आढळलं. आयरिस म्हणजे प्रतिकारशक्ती परत येताना उसळणारा दाह. मोनोसाइट पेशींचाही कल बदलला होता. शांत, नेहमीच्या प्रकाराकडून त्या मधल्या, दाह वाढवणाऱ्या प्रकाराकडे सरकल्या होत्या. आणि एनके (नॅचरल किलर) पेशींवर पीडी-एल१ हा रेणू सुमारे १२ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांपर्यंत चढला होता. पीडी-एल१ हा लगाम लावणारा रेणू, म्हणजे दाह उसळतो तेव्हा शरीर तो आवरायचाही प्रयत्न करत असतं. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर आहात म्हणून एक सांगतो. या गटात आयरिसचे रुग्ण फक्त १० होते आणि सीडी४ मधली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीच्या काठावर होती. दिशा पटण्यासारखी आहे, आकडे मात्र दगडावरची रेघ समजू नका.

आता एआरटीकडे. तुमच्या भावाचा सीडी४ १८ वरून ९६ झाला, त्या वाढलेल्या पेशी आल्या कुठून? पहिल्या काही आठवड्यांतली वाढ ही मोठ्या प्रमाणात नव्याने जन्मलेल्या पेशींची नसते. विषाणू जोरात असताना लसिकाग्रंथींमध्ये सतत दाह असतो आणि त्यात स्मृतिपेशी अडकून पडलेल्या असतात. औषधाने विषाणू खाली आला की त्या मोकळ्या होऊन रक्तात उतरतात. डोल्युटेग्राविर असलेल्या आजच्या गोळ्यांनी व्हायरल लोड फार वेगाने उतरतो, त्यामुळे हा पहिला टप्पाही लवकर येतो. थायमसमधून नव्या, कोऱ्या पेशी तयार होऊन येणं हे पुढच्या महिन्यांचं, वर्षांचं काम. म्हणून सातव्या आठवड्यातल्या ९६ मध्ये जुन्या, अनुभवी पेशींचा वाटा मोठा असतो, आणि त्यांतल्या काहींची क्रिप्टोकॉकसशी ओळख आधीपासून असते.

या पेशी रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात तेव्हा तिथे काय असतं? अँफोटेरिसिनने बुरशी मारलेली असते, पण मेलेल्या यीस्टचे सांगाडे आणि त्यांची साखर तिथेच पडून असते. ती साफ व्हायला महिने लागतात. मॅक्रोफेज आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया हा माल पोटात घेऊन इशाऱ्याविना बसलेल्या असतात. इतके दिवस इशारा नव्हता, आता तो अचानक आणि भरपूर मिळतो. इंटरफेरॉन गॅमा येतं, त्यामागून टीएनएफ, इंटरल्यूकिन ६, सीएक्ससीएल१० अशी रसायनं सुटतात, ती आणखी पेशींना ओढून आणतात. पेशी २ वरून ८५ होतात. पोटात किंवा फुप्फुसात असा दाह झाला तर सूज यायला थोडी तरी जागा असते. कवटीत ती नाही. दाब वाढतो, डोळा हलवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूवर ताण येतो आणि एकाचं दोन दिसू लागतं.

या पेशी वाईट आहेत असं मात्र मनात धरू नका. त्यांच्यावाचून हा आजार मुळातून जात नाही. थायलंडमधल्या रुग्णांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यातलं इंटरफेरॉन गॅमा ज्यांच्यात जास्त, त्यांची बुरशी औषधांनी अधिक वेगाने साफ झालेली दिसली. पुढे २०१२ मध्ये केपटाऊनच्या गटाने इंटरफेरॉन गॅमा इंजेक्शनने देऊन पाहिलं. अवघ्या दोन डोसांनीही बुरशी साफ होण्याचा वेग वाढला. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत ज्याची उणीव जीव घेते, तेच रसायन नको त्या वेळी, नको तेवढं आलं तर दुखणं उलटतं. ते कधी येतं आणि त्या क्षणी बुरशीचा माल किती शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका वाक्यात आहेत.

युगांडात बोलवेअर आणि सहकाऱ्यांनी हे आधीच, २०१० मध्ये, दाखवलं होतं. ज्यांना पुढे आयरिस झालं, त्यांच्या पहिल्या पाण्यात पेशी कमी होत्या, प्रोटीन कमी होतं, इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ कमी होतं. पेशी २५ किंवा त्याहून कमी आणि प्रोटीन ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, अशा रुग्णांत आयरिसची शक्यता लक्षणीय वाढलेली होती. तुमच्या भावाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये प्रोटीन किती होतं ते बघून ठेवा. माझी सगळ्या तरुण डॉक्टरांना एकच विनंती असते, की पहिल्या पाण्याचा हा रिपोर्ट फाइलच्या तळाशी जाऊ देऊ नका, एआरटी सुरू करायच्या दिवशी तो परत काढून वाचा.

आता तो उशीर, ज्याचा तुम्हाला राग आहे. डॉक्टरांशी तुमचा वाद झाला हे तुम्ही प्रांजळपणे लिहिलंत. तुमच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, कारण आपणच गेली काही वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत आलो, की एचआयव्ही निघाला की औषध लगेच सुरू करा. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असो, उपचार द्यायचे असं धोरण आहे आणि ते अगदी योग्य आहे. मेंदूच्या आवरणाचा संसर्ग हा त्याला अपवाद. हा अपवाद कुणाच्या लहरीवर बेतलेला नाही, त्यासाठी माणसांनी किंमत मोजलेली आहे.

झिंबाब्वेमध्ये ५४ रुग्णांवर अभ्यास झाला होता. निदानानंतर ७२ तासांच्या आत एआरटी दिलेल्या गटात ८८ टक्के रुग्ण दगावले, दहा आठवडे थांबलेल्या गटात ५४ टक्के. तिथे बुरशीवर फक्त फ्लुकोनाझोल दिलं होतं, म्हणून शंका घ्यायला जागा होती, की अँफोटेरिसिन असतं तर असं झालं नसतं. मग युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत ‘कोट’ नावाची चाचणी झाली. १७७ रुग्ण, सगळ्यांना अँफोटेरिसिन आणि फ्लुकोनाझोल. निम्म्यांना एआरटी एक ते दोन आठवड्यांत, निम्म्यांना पाच आठवड्यांनी. सहा महिन्यांनी लवकरच्या गटात ४५ टक्के मृत्यू, उशिराच्या गटात ३० टक्के. फरक इतका उघड होता की भरती मध्येच थांबवली गेली. २०१४ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. जास्तीचे मृत्यू निदानापासून दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात झाले होते, आणि ज्यांच्या पाण्यात पेशी ५ पेक्षा कमी होत्या त्यांना लवकर एआरटीचा फटका विशेष बसला होता. तुमचा भाऊ नेमका त्याच गटातला. त्या डॉक्टरांनी चार-पाच आठवडे धरून ठेवलं ते त्याच्या हिताचं होतं. जागतिक आरोग्य संघटनाही चार ते सहा आठवडे थांबायला सांगते.

कोट चाचणीत आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवतो. ओळखता आलेलं आयरिस दोन्ही गटांत फारसं वेगळं नव्हतं, २० टक्के आणि १३ टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. मग लवकरच्या गटातली माणसं दगावली कशाने? त्याच रुग्णांच्या साठवलेल्या पाण्यावर स्क्रिव्हन आणि सहकाऱ्यांनी काम केलं तेव्हा अंदाज आला. लवकर एआरटी मिळालेल्यांच्या पाण्यात चौदाव्या दिवशी पेशी अधिक होत्या, आणि विरघळलेल्या रूपातले सीडी१४ आणि सीडी१६३ वाढले होते. मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया चेतल्याच्या या खुणा आहेत. म्हणजे दाह सुरू झाला होता, पण आजार इतका ताजा की मूळ मेनिंजायटिस कुठे संपतो आणि नवा दाह कुठे सुरू होतो हे खाटेशेजारी उभं राहून कळणं शक्य नव्हतं. रक्तातला सीडी४ त्या आठवड्यात तपासून हे कळलं नसतं. रक्तातली मोजणी हा मेंदूत काय चाललंय याचा फार अपुरा साक्षीदार आहे, आणि रक्तात आकडा वाढल्याचा आनंद होतो त्याच दिवसांत पाण्यात काही वेगळंच घडत असू शकतं.

पाच आठवडे थांबूनही तुमच्या भावाला त्रास झाला, मग थांबण्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. थांबल्याने आयरिस टळतंच असं नाही. थांबल्याने ते येतं तेव्हा बुरशी पुष्कळ मेलेली असते, दाब उतरलेला असतो, माणूस उठून बसलेला असतो. सातव्या आठवड्यात घरून चालत दवाखान्यात येणारा रुग्ण आणि दुसऱ्या आठवड्यात गुंगीत पडलेला रुग्ण, यांना तोच दाह सारखा झेपत नाही.

आता सर्वांत निकडीचं. हे आयरिस आहे की बुरशीच परत वाढली आहे? दोन्हींत डोकं दुखतं, दोन्हींत दाब वाढतो, उपचार मात्र वेगळे. निर्णय कल्चरवर होतो. जिवंत बुरशी उगवली तर संसर्ग परतला, आणि अँफोटेरिसिन पुन्हा सुरू करावं लागेल. काही उगवलं नाही, व्हायरल लोड उतरलेला आहे, पेशी वाढलेल्या आहेत, तर आयरिसच्या बाजूने पारडं झुकतं. रिपोर्टमध्ये ‘इंडिया इंक पॉझिटिव्ह’ किंवा ‘अँटिजेन पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून घाबरू नका. मेलेल्या यीस्टही शाईत दिसतात, आणि अँटिजेन म्हणजे तीच साखर, जी महिनोन्महिने रेंगाळते. कल्चर पूर्ण निगेटिव्ह म्हणायला दोन आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते, तोपर्यंत डॉक्टर फ्लुकोनाझोलचा डोस वाढवून ठेवतील, ते बरोबरच आहे. भावाने मधल्या काळात फ्लुकोनाझोलच्या गोळ्या चुकवल्या होत्या का, हे न रागावता विचारा आणि डॉक्टरांना खरं सांगा. आपल्याकडे तिसरी शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते, ती क्षयाची. पेशी ८५, त्यात लिम्फोसाइट जास्त, असं चित्र क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही दिसू शकतं, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून पाणी क्षयाच्या जीनएक्सपर्ट तपासणीलाही गेलं आहे ना, हे विचारा. क्षयाची औषधं सुरू झाली तर रिफाम्पिसिनमुळे फ्लुकोनाझोलही कमी पडतं आणि डोल्युटेग्राविरही, त्यामुळे डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. हे एआरटी केंद्रात आवर्जून सांगा.

एआरटी थांबवू नका. गोळ्या सुरू झाल्यावर त्रास वाढला, म्हणजे गोळ्याच बाधल्या, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटणं मी समजू शकतो. पण थांबवल्या तर विषाणू परत चढेल, पेशी परत घटतील, आणि पुन्हा सुरू करताना हाच घाट पुन्हा चढावा लागेल. जीव अगदीच धोक्यात असेल अशा एखाद्या प्रसंगी तज्ज्ञ तसा विचार करतात, पण तो निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

पाठीचं पाणी पुन्हा काढायला घरच्यांचा विरोध आहे असं तुम्ही लिहिलंत. सुईने कंबर कायमची जाते, माणूस अधू होतो, ही भीती मी गावागावांत ऐकली आहे. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू नसतो, तो त्याच्या वरच संपलेला असतो. आणि या आजारात पाणी काढणं ही तपासणीबरोबर एक चिकित्साही आहे. दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर २० ते ३० मिलिलिटर पाणी काढून तो खाली आणतात, गरज पडली तर रोज. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांत निदानानंतर असं पाणी काढलेल्यांचा पहिल्या दहा-अकरा दिवसांतला मृत्यूचा धोका ६९ टक्क्यांनी कमी दिसला होता. एकाचं दोन दिसतंय म्हणजे दाब नक्की मोजायला हवा. दृष्टी गेली तर ती परत येईलच असं नाही. आई-वडिलांशी यावर तुम्हीच बोला, तुमचं ते ऐकतील.

स्टिरॉइडबद्दल गोंधळ होणं साहजिक आहे. मेनिंजायटिसच्या सुरुवातीलाच सगळ्यांना डेक्सामेथासोन देऊन पाहणारी चाचणी आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत झाली, व्हिएतनाम त्यातला एक. ती मध्येच थांबवावी लागली. बुरशी साफ होण्याचा वेग मंदावला, अपंगत्व वाढलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वर जे पेशींचं सांगितलं त्यावरून कारण तुम्हाला दिसेलच. ज्या वेळी पेशी आधीच अपुऱ्या आहेत त्या वेळी त्यांना आणखी दाबलं. आयरिसमध्ये परिस्थिती उलट असते. जिवंत बुरशी नाही, पेशी जरुरीपेक्षा चेतलेल्या, अशा वेळी गंभीर त्रास असेल तर प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड काही आठवडे देऊन हळूहळू उतरवतात, बुरशीविरोधी औषधाच्या छत्राखाली. म्हणून तुमचे डॉक्टर कल्चरची वाट पाहत स्टिरॉइड द्यायला चाचरत असतील, तर ते टाळाटाळ करत नाहीत. अर्थात माणूस गुंगीत जाऊ लागला तर कल्चरसाठी थांबता येत नाही, तेव्हा अनुभवाने ठरवावं लागतं.

अँफोटेरिसिनच्या उपचाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला हे माहीत असावं. २०२२ मध्ये ‘अँबिशन’ चाचणीचे निकाल आले. आफ्रिकेतल्या पाच देशांत लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, किलोला १० मिलिग्रॅम, आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन (आणखी एक बुरशीविरोधी औषध) व फ्लुकोनाझोल, हे जुन्या उपचाराइतकंच परिणामकारक ठरलं आणि त्रास कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ते स्वीकारलं. फ्लुसायटोसिन आपल्याकडे वर्षानुवर्षं सहज मिळत नव्हतं, आणि या आजारावर काम करणाऱ्या आम्हां सगळ्यांची ती मोठी व्यथा राहिली आहे. एआरटीच्या दिवशी पाण्यात बुरशीचा माल जितका कमी, तितका पुढचा भडका लहान, त्यामुळे या औषधाचं मोल पहिल्या दोन आठवड्यांपुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या रुग्णांतही एआरटीआधी कल्चर निगेटिव्ह झालेल्यांचं पुढचे सहा महिने अधिक बरं गेलं.

हे सगळं टाळता येण्याजोगं आहे याची मला फार खंत वाटते. डोकं दुखू लागण्याच्या साधारण तीन आठवडे आधीपासून बुरशीची ही साखर रक्तात सापडू शकते, असं युगांडातल्या जुन्या अभ्यासात दिसलं होतं. एआरटी सुरू करण्याआधी सीडी४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची, आणि शक्य असेल तिथे २०० च्या खालच्यांचीही, क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी तपासावी. दहा मिनिटांची तपासणी. पॉझिटिव्ह आली आणि पाण्यात बुरशी नसेल तर फ्लुकोनाझोल आधी देऊन मग एआरटी. तसं न करता सीडी४ वाढू दिला, तर कुणालाच माहीत नसलेला आजार एआरटीनंतर अचानक उघडा पडतो. तुमच्या ओळखीत कुणाचा सीडी४ खाली आला असेल तर त्यांना हे नाव घेऊन विचारायला सांगा.

फ्लुकोनाझोल किती दिवस, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिल्या दोन आठवड्यांनंतर रोज ८०० मिलिग्रॅम आठ आठवडे, मग रोज २०० मिलिग्रॅम. हे नेहमीचं वेळापत्रक. आताच्या त्रासामुळे तुमच्या डॉक्टरांनी डोस लांबवला तर तो त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालू द्या. बंद करण्याचा विचार निदान एक वर्ष एआरटी आणि फ्लुकोनाझोल नीट घेतल्यावर, सीडी४ १०० किंवा त्याहून वर आणि व्हायरल लोड दबलेला असेल तेव्हाच. मधल्या काळात एखाद्या रिपोर्टमध्ये सीडी४ चांगला दिसला म्हणून गोळ्या स्वतःहून सोडू नयेत. आणि पुढच्या काही महिन्यांत डोकं पुन्हा दुखू लागलं तर गल्लीतल्या मेडिकलमधून वेदनाशामक आणून दिवस काढू नका. आयरिस महिन्यांनंतरही येऊ शकतं. थेट ज्या दवाखान्यात पहिलं पाणी काढलं तिथे जा आणि पेशी, प्रोटीन, दाब, कल्चर यांचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या.